शेवंतवाडीचे माड

रेवदंडा
ता. १४ जून १९३८

सोनाजीस इब्राहीमचा सलाम.

येत्या आठवड्यात वसमतच्या स्टेशनावर तुझ्या नावानं एक करंडी उतरेल. तिच्यात नारळाची पाच रोपं आहेत. गाडीत त्यांच्यावर दुसरं काही लादू नको. कोंब मोडला की सगळं गेलं.

मला इथं नारळाच्या वाडीत कामाला लागून दोन वर्षं झाली. इथली माणसं नारळाच्या झाडाला माड म्हणतात. त्यांच्यात राहून माझी बोलीही बदलली, तू हसशील. अब्बा गेल्यापासून अम्मा एकटी आहे. चार वेळा म्हटलं, चल माझ्याकडं. ती म्हणते, दर्याच्या आवाजानं मला झोप लागणार नाही. तिनं दर्या पाहिलेलासुद्धा नाही! मग विचार केला, ती इकडं येत नाही तर इकडचं काहीतरी तिच्याकडं जाऊ दे.

आपल्या दोघांच्या सामायिक विहिरीच्या कडेला जागा आहे, तिथं लाव. कंबरभर खड्डा, तळाला वाळू, राख आणि दोन मुठी मीठ. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी.

तुझी माय गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. अम्मानं आपल्याला एका ताटात जेवू घातलं, ते मी तुला सांगायला नको. म्हणून हे काम तुझ्यावर टाकतो. पत्र तिला वाचून दाखव.

तुझा
इब्राहीम

*

शेवंतवाडी
ता. २२ जानेवारी १९३९

जिवाचा दोस्त इब्राहीम यास सोनाजीचा रामराम.

तुझी रोपं दिवाळीपत्तर झकास व्हती. अम्मा रोज सकाळी त्यांच्यापाशी जाऊन बसायची. गावातले लोक बघाय यायचे, म्हनायचे, मलिकाबी, नारळ कवा खाऊ घालता? ती म्हनायची, पहिले तुमचे दात राहू द्या.

औंदा पौष निम्मा झाला तरी थंडी न्हवती. लोक म्हनले, हिवाळा आलाच न्हाई. संक्रांत झाली अन् तिसऱ्या दिवशी असा गारठा पडला की सकाळी हरभऱ्यावर पांढरं दहिवर व्हतं. तूर काळी पडली. आमी रोपांकडं पळालो. दोघांची पानं तव्यावर भाजल्यावानी झाली व्हती. मी मधला कोंब हलकाच वढला, तर तो हातातच आला. कोंब आला म्हंजे झाड गेलं, येवढं आता कळलं.

तीन वाचली. काहून वाचली ते ऐक. आदल्या दिवशी सांजच्याला अम्मा अनवाणी वाफ्यातून आली अन् म्हनली, "सोना, मिट्टी ठंडी लग री, सूरज अभी डुब्या भी नै." मी म्हनलो, म्हातारपन हाय ते. तिनं कडबा वढून दोन झाडं झाकली. तिसऱ्याला कडबा पुरला न्हाई म्हून आंगावरची गोधडी घातली अन् सवता चुलीपाशी बसून ऱ्हायली. पाचांना पुरेल येवढं तिच्यापाशी काय न्हवतंच.

मेलेल्या रोपांपाशी मला रडू आलं. ती म्हनली, "कायकू रोता रे? उनकू क्या मालूम, ये कौनसा गाव है."

आता तिला खोकला हाय. तू लिही, झाडापायी जीव काढू नको म्हून. माझं ऐकत न्हाई.

तुझा
सोनाजी

*

रेवदंडा
ता. ११ फेब्रुवारी १९३९

सोनाजीस सलाम.

पत्र वाडीतल्या लोकांना वाचून दाखवलं. माडाला थंडी बाधते हे कुणी ऐकलेलं नाही. इथं थंडी म्हणजे सकाळी पंचा अंगावर घ्यायचा, बस. एक जुना माणूस म्हणाला, "तुझ्या गावचा उपाय तुझ्या गावालाच ठाऊक असणार." माझ्या शिकलेल्या विद्येचा तुम्हाला काही उपयोग नाही, सोना. मी फक्त रोपं पाठवू शकतो.

अम्माला सांग, झाडं गेली तर जाऊ देत, तिनं गोधडी पांघरावी. मी रागावलो म्हणून सांग.

इब्राहीम

*

शेवंतवाडी
ता. ९ जानेवारी १९४३

इब्राहीमास सोनाजीचा रामराम.

तुझं लगीन झालं, हे वाचून अम्मानं गावात गूळ वाटला. जुलेखा दिसायला कशी हाय ते तू लिहिलं न्हाईस, म्हून अम्मानं मला शिव्या दिल्या. जसं काय मीच लपवून ठिवलं.

आता वाईट सांगतो. तिसरं झाड गेलं, अन् ते माझ्या हातानं गेलं.

आमी इतक्या वर्षांत शिकलो व्हतो. उत्तरेकडून पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड आडोशाला घालायचा. थंडी दिसली की सांजच्याला विहिरीचं पानी द्यायचं, थंडीत ते कोमट ऱ्हातं. गोवऱ्यांचा धूर करायचा. अन् झाकलेलं झाड दिस वर आला की उघडायचं, रोज उघडायचं, ह्यावर अम्माचा फार कटाक्ष. मागल्या म्हैन्यात ती भैनीकडं गोरेगावला गेली. मला हिंगोलीला काम निघालं. मी म्हनलो, मागून थंडी पडली तर काय घ्या? म्हून मी तिन्ही झाडं तरटानं गच्च गुंडाळली, वरून सुंभ बांधला अन् गेलो. दोघांचा सुंभ वाऱ्यानं सुटला. तिसऱ्याचा मी चांगला आवळला व्हता. थंडी पडलीच न्हाई; आभाळ आलं, उकडाय लागलं. सहाव्या दिवशी सोडलं तर आतून सडका वास आला.

अम्मा आली, झाडाकडं बघितलं. मी म्हनलो, थंडीच्या भेवानं बांधलं व्हतं. ती म्हनली, "ठंड से नै मरा, सोना. तेरे डर से मरा." तीन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. चौथ्या दिवशी माझ्या कारभारनीनं, गोजरबाईनं, तिला जेवाय बोलावलं तवा आली, अन् तिनं आधी माझ्याच ताटात वाढलं.

दोन हायत. माझ्या डोक्याच्या वर गेलीत.

सोनाजी

*

शेवंतवाडी
ता. २ मार्च १९४७

इब्राहीम, रामराम.

फळ धरलं! थोरल्या झाडाला मागल्या वर्षी फुलाची पोय आली अन् गळाली, तुला लिहिलं न्हवतं. औंदा सात नारळ हायत, लिंबायेवढे. माघात दोन डाव थंडी आली, दोन्ही डाव धूर केला. अम्माचे डोळे धुरानं लाल झाले, पर सातपैकी येकबी गळू दिला न्हाई.

गावात कुनी इचारलं, कवा उतरवनार? तर म्हनते, "इब्राहीम आएगा, वो चढेगा." अन् परवा ओट्यावर बसल्या बसल्या मला म्हनली, "पोती तीन साल की हो गई. मैं उसका मूं कब देखूं रे?" तुझ्या लेकीबद्दल म्हनत व्हती.

जमलं तर ये.

सोनाजी

*

रेवदंडा
ता. २० नोव्हेंबर १९४७

सोनाजीस सलाम.

हे पत्र नीट वाच आणि अम्माला लगेच वाचून दाखव.

मी येणार होतो. आता येऊ शकत नाही. निजामाच्या मुलखात काय होणार ते कुणालाच सांगता येत नाही. इकडून जाणाऱ्याला तिकडं संशयानं बघतात, तिकडून येणाऱ्याला इकडं. जुलेखाला दिवस गेलेत, ती मला सोडत नाही.

म्हणून तू अम्माला घेऊन ये. मनमाडपर्यंत आण, पुढं मी असेन. वार कळव, मी दोन दिवस आधीच येऊन थांबेन. आधी मी आग्रह केला नाही, या वेळी करतो. तिला सांग, तुझा मुलगा पाया पडून सांगतो. झाडांची काळजी तू घेशील हेही सांग. नातीनं तिच्यासाठी शिंपले गोळा करून ठेवलेत.

वेळ लावू नको, सोना.

इब्राहीम

*

शेवंतवाडी
ता. १८ डिसेंबर १९४७

इब्राहीमास रामराम.

पत्र पोचलं. अम्मा न्हाई म्हनते. थंडीचे दिवस हायत, झाडं सोडून कशी येऊ, म्हनते. उन्हाळ्यात बघू, म्हनते.

तू काळजी करू नको. ती माझ्या घरच्यावानी हाय. आमी हाव ना.

नारळ वाळून पडले. अम्मानं ते ठिवलेत.

सोनाजी

*

मुक्काम उमरखेडच्या बाजूला
ता. ३० जून १९४८

इब्राहीम, रामराम.

आमी गाव सोडलं. गावात रझाकार आले, आमच्या वाड्यावरचं धान्य नेलं, येका मानसाला मारलं. लेकरं-बाया घेऊन लोक पैनगंगा उतरून इकडं येऊन ऱ्हायलेत. मी अन् गोजरबाई पंधरा दिसांमागं आलो. हिकडं टपाल चालतं म्हून लिहितो.

निघायच्या दिवशी अम्मानं आमच्या घराची किल्ली मागून घेतली. मी म्हनलो, तुमीबी चला. ती म्हनली, "मेरेकू कौन क्या करता? मैं बैलां देखती." बैल नदीतून न्यायला भेव वाटत व्हतं, म्हून गोठ्यातच ठिवले. येक दिवस ते लोक आमच्या दाराशी आले तवा अम्मा उंबऱ्यावर बसली व्हती. म्हनली, हे माझ्या पोराचं घर हाय. ते माघारी गेले, असं मागून आलेल्या मानसानं सांगितलं.

आमचं घर तिच्यामुळं उभं हाय.

सोनाजी

*

रेवदंडा
ता. ८ ऑक्टोबर १९४८

सोनाजी,

हे चौथं पत्र. तीन उमरखेडच्या पत्त्यावर पाठवली, उत्तर नाही. हे गावाच्या पत्त्यावर पाठवतो.

फौज हैदराबादेत शिरली, पाच दिवसांत सगळं संपलं, असं पेपरात आलं. इथं पेढे वाटले. मलाही दिले, मी खाल्ले. पण आता परभणीकडून आलेला एकजण काही वेगळंच सांगतो. खरं-खोटं कळत नाही. मी निघालो होतो, मनमाडहून मला माघारी पाठवलं.

दोन ओळी लिही.

इब्राहीम

*

शेवंतवाडी
ता. २१ नोव्हेंबर १९४८

इब्राहीमास सोनाजीचा रामराम.

तुझं पत्र मिळालं. आमी गावात आलो. गोजरबाईला तिकडं ताप येत व्हता, आता बरी हाय.

झाडं दोन्ही उभी हायत. औंदा थंडी लवकर आली, दिवाळीतच गारठा पडला. मी उत्तरेकडून कूड घातला. पऱ्हाटी मिळाली न्हाई म्हून तुराट्यांचा केला. रोज सांजच्याला पानी देतो, दिस वर आला की उघडतो, येकबी दिवस चुकलो न्हाई. धाकट्याची खालची पानं भादव्यात जळाली व्हती, ती मी कापली. वरचा कोंब हिरवा हाय. थोरल्याला अकरा नारळ हायत. काल आभाळ आलं तवा मी झाकलंच न्हाई, थंडी पडनार न्हाई असं वाटलं, अन् पडली न्हाई. आता मलाबी मातीवरून कळाय लागलंय.

धूर करायला गोवऱ्या पुष्कळ हायत. मीठ संपलं व्हतं, ते वसमतहून आनलं.

सोनाजी

*

रेवदंडा
ता. २ डिसेंबर १९४८

सोना,

तू मला झाडांबद्दल लिहिलंस. कूड कशाचा घातला ते लिहिलंस. मीठ कुठून आणलं ते लिहिलंस. मी तुझं पत्र सहा वेळा वाचलं. जुलेखाकडूनही वाचून घेतलं, मला एखादी ओळ दिसत नसेल म्हणून.

भादव्यात थंडी नसते. मग पानं जळाली कशानं?

माझी माय कुठं हाय?

इब्राहीम

*

शेवंतवाडी
ता. १२ डिसेंबर १९४८

इब्राहीम,

अम्मा न्हाई.

दोन म्हैन्यांपासून मी कागद घेऊन बसतो. झाडापत्तर लिहितो, पुढं हात चालत न्हाई. आता सगळं लिहितो.

फौज आल्यावर तिकडं लोक नाचत व्हते. दुसऱ्या दिवशी कुनीतरी सांगितलं, गावोगाव मुसलमानांच्या घरांवर मानसं चालून जाऊन ऱ्हायलीत. मी तसाच उठलो. गोजरबाई तापात व्हती, तीच म्हनली, जा, अम्माला घेऊन या. पैनगंगेला पूर व्हता. नाववाला नाव घालंना. मी दीड दिवस काठावर बसून व्हतो, इब्राहीम. पलीकडचं बाभळीचं बन दिसत व्हतं.

मी गावात आलो तवा तुमच्या घराच्या भिंती तेवढ्या व्हत्या. तांड्यावरच्या भिकाबाईनं सगळं डोळ्यानं बघितलं. तिनं सांगितलं तेच लिहितो. बाहेरगावची पन्नासेक मानसं आली व्हती, त्यांच्यात आपल्या गावातले दोघं व्हते. नावं मला ठाऊक हायत. तू समोर आलास की सांगीन, कागदावर लिहायची हिंमत न्हाई. गावातले तुमचे बाकीचे लोक आदल्या सांजेलाच निघून गेले व्हते. भिकाबाई अम्माला म्हनली, मलिकाबी, माझ्या पालात चल, मी लुगडं देते, कपाळाला कुकू लाव. अम्मा म्हनली, "सोना की चाबी मेरे पास है. वो आए तक मैं कैसी जाऊं?"

त्यांनी घर पेटवलं तवा ती मळ्यात व्हती. वारा आमच्या गोठ्याकडं व्हता, झळ झाडांपत्तर आली. बैल हंबराय लागले. ती बैल सोडायला धावली. भिकाबाई म्हनते, वरडून सांगितलं, नको जाऊ. तिनं दोन्ही बैल सोडले. ती गोठ्यातून बाहेर येत व्हती तवा त्यांनी तिला गाठलं. कुऱ्हाडीचा येकच घाव व्हता.

बैल जिते हायत.

तिला मातीआड मी केलं. नमाज पढायला मानूस न्हवता. आखाडा बाळापूरला येक म्हातारे मौलवी लपून व्हते, त्यांना गाडीत कडब्याखाली झाकून आनलं. ते नमाज पढले. मागं मी येकटा उभा व्हतो. मला त्यातलं काही येत न्हाई. ते वाकले की मी वाकलो.

येवढंच सांगून थांबलो असतो तर तू मला दोस्त म्हनला असतास. पर अजून येक हाय.

मागल्या वर्षी कार्तिकात तू लिहिलं व्हतंस, अम्माला घेऊन ये. मी तुला लिहिलं, ती न्हाई म्हनते. ती न्हाई म्हनली न्हवती. मी तिला ते पत्र वाचून दाखवलंच न्हाई. ती ओट्यावर लसूण सोलत व्हती, म्हनली, "क्या लिखता इब्राहीम?" मी कागदाकडं बघून म्हनलो, खुशाल हाय, झाडांची चौकशी करतो. ती म्हनली, "और?" मी म्हनलो, अजून काही न्हाई. ती हसली, "बाप पे गया, बात कम करता."

ती आली असती. मला पक्कं ठाऊक व्हतं, त्याच दिवशी बोचकं बांधलं असतं. म्हून तर वाचलं न्हाई. माझी येक माय मी पाच वर्षांचा असताना गेली. ही जाऊ द्यायला मन धजलं न्हाई. वाटलं, येक हिवाळा ऱ्हाऊ दे, उन्हाळ्यात मीच मनमाडला नेईन. उन्हाळ्यात वाटा बंद झाल्या.

पत्र अजून माझ्यापाशी हाय. फाडवत न्हाई.

ह्याच्यावर तू जे करशील ते मला कबूल हाय.

सोनाजी

*

रेवदंडा
ता. २४ डिसेंबर १९४८

सोनाजी,

पत्र पोचलं. जुलेखाला मी सांगितलं, अम्मा झोपेत गेली. पोरीलाही तेच सांगितलं. खरं फक्त तुला आणि मला ठाऊक राहू दे.

तू नदीच्या काठी दीड दिवस बसलास, ते मला दिसतं. तू मौलवींना कडब्याखाली आणलंस, तेही दिसतं. त्याबद्दल मी जन्मभर तुझे पाय धरायला पाहिजेत. पण डोळे मिटले की मला ती ओट्यावर लसूण सोलताना दिसते आणि "और?" म्हणून विचारताना दिसते. त्याच्यापुढं मला जाता येत नाही. तिला वाटलं असेल, अशा वेळी मुलानं बोलावलंसुद्धा नाही.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. माफी माझ्याजवळ आज नाही. उद्या असेल की नाही, ठाऊक नाही. खोटं लिहून तुला बरं वाटायला लावणार नाही; तसं लिहिण्यानं काय होतं ते आपण पाहिलं.

माझ्या वाट्याचं रान तू कर. विकायचं नाही. झाडांचं तुला वाटेल ते कर, मला त्यांचं काही कळवू नको.

वाटा सुरू झाल्या की मी येईन, एकटाच. वसमतच्या स्टेशनावर तू येऊ नको. मी तुझ्याकडं उतरणार नाही, गोजरबाईला वाईट वाटू देऊ नको. कबर कुठं आहे, कोणत्या बाजूनं जायचं आणि तिथं खूण काय आहे, तेवढं मात्र एका चिठ्ठीवर लिहून पाठव. माझ्याच गावात मला माझ्या मायची कबर कुणाला विचारावी लागू नये.

इब्राहीम